वसतिगृहातले भाऊबंद

नागपूर : डिसेंबरच्या अखेरीस नागपुरात थंडीचा कडाका वाढतो आणि त्याच सुमारास शहरातील जुन्या महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर स्वागताचे फलक झळकू लागतात. पंचवीस किंवा पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तुकडी सहकुटुंब परत येते. टक्कल पडलेले, चष्मे लागलेले गृहस्थ एकमेकांना वसतिगृहातल्या टोपणनावांनी हाका मारतात आणि सोबत आलेल्या सुना-मुली अवघडून पाहत राहतात. कोणी आपल्या जुन्या खोलीचे दार शोधतो, कोणी मेसच्या जागी आता काय उभे आहे ते पाहून हळहळतो. सकाळी तर्री-पोहे, दुपारी गुरुजनांचा सत्कार, संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम, आणि निघताना संत्रा बर्फीचा डबा. दोन दिवसांनी फलक उतरतात.

या दोन दिवसांपलीकडे हे नाते काय करते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वसतिगृहाच्या चार-पाच वर्षांत जुळलेले संबंध पुढे चाळीस वर्षे टिकतात, नोकरी मिळवून देतात, रुग्णाला खाट मिळवून देतात, प्रसंगी एखाद्या संस्थेचे भवितव्य बदलतात. याच नात्याच्या नावाखाली नव्या विद्यार्थ्याचा छळही होतो. या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून निघतात, हे समजून घेतल्याखेरीज या विषयाचा उलगडा होत नाही.

मुळात या नात्याला मराठीत नेमका शब्द नाही. 'बंधुभाव' हा सभा-संमेलनातला शब्द. 'भाऊबंदकी' म्हणावे तर मराठी माणसाने तिचा अर्थ भांडण असाच करून ठेवला आहे, आणि तो का, हे पुढे दिसेलच. इंग्रजीत यासाठी 'फ्रॅटर्निटी' हा शब्द आहे. आपल्याकडे 'मेडिकल फ्रॅटर्निटी', 'लीगल फ्रॅटर्निटी' अशा जोडशब्दांतून तो कानावरून जातो, पण अमेरिकेतील विद्यापीठांत त्याला फार ठाशीव अर्थ आहे.

५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनिया प्रांतातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' नावाचे मंडळ स्थापन केले. ग्रीक अक्षरांची नावे घेण्याची प्रथा तेथून पडली. हे मंडळ पुढे विद्वत्तेचा सन्मान करणारी संस्था बनले. एकत्र राहणे, एकत्र जेवणे, सण-समारंभ करणे यांसाठी स्थापन झालेल्या मंडळांची परंपरा १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात स्थापन झालेल्या 'कॅपा अल्फा सोसायटी'पासून मोजतात. पुढे प्रत्येक मंडळाच्या वेगवेगळ्या विद्यापीठांत शाखा निघाल्या. या शाखांना 'चॅप्टर' म्हणतात. शाखेचे बहुधा स्वतःचे घर असते, वार्षिक वर्गणी असते, पदाधिकारी असतात. इच्छुक विद्यार्थ्याला काही आठवडे पारखून घेतले जाते आणि मग शपथ देऊन सभासद करून घेतले जाते. केंद्रीय संस्थेचे नियतकालिक निघते. त्यात कोणत्या शाखेने परीक्षेत व खेळांत काय मिळवले, धर्मादाय कामासाठी किती निधी जमवला, जुन्या सभासदांपैकी कोण न्यायाधीश झाले, कोणाचा विवाह झाला, कोण निवर्तले, याच्या बातम्या असतात. सभासदत्व आयुष्यभराचे मानले जाते.

आरंभी ही मंडळे गोऱ्या, सुखवस्तू मुलांपुरतीच होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात 'अल्फा फाय अल्फा' ही स्वतःची संघटना काढली. भारतीय वंशाच्या मुलांनीही पुढे तोच मार्ग धरला. १९९४ मध्ये बिंगहॅम्टन येथे 'आयोटा नू डेल्टा' आणि १९९८ मध्ये ऑस्टिन येथे 'डेल्टा एप्सिलॉन साय' या दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी स्थापन झाल्या. मुलींच्या अशा मंडळांना 'सोरोरिटी' म्हणतात. ह्यूस्टनमधील 'डेल्टा फाय ओमेगा' ही १९९८ चीच. विदर्भातून पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्या मुलांचा या मंडळांशी फारसा संबंध येत नाही, कारण ती प्रामुख्याने पदवीपूर्व विद्यार्थ्यांची असतात. तेथेच जन्मलेली नातवंडे मात्र त्यांत असू शकतात, आणि मग नागपुरातल्या आजी-आजोबांना ही ग्रीक अक्षरे कोड्यात टाकतात.

बोर्डिंगपासून वसतिगृहापर्यंत

नागपुरात उच्चशिक्षणाची परंपरा जुनी आहे. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे, मॉरिस महाविद्यालय १८८५ चे, नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चे. तरीही अमेरिकी पद्धतीची मंडळे येथे कधी रुजली नाहीत. येथे विद्यार्थ्यांना एकत्र आणले ते निवाऱ्याच्या गरजेने. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात खोली मिळत नसे, आणि मिळाली तर जात विचारली जाई.

या अडचणीवर महाराष्ट्रात पहिला व्यापक उपाय केला तो कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. १९०१ मध्ये 'व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग' सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, दैवज्ञ अशा अनेक समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये 'मिस क्लार्क होस्टेल' निघाले. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. त्याचे वेगळेपण असे, की ते एका जातीपुरते नव्हते. नागपुरातही निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे आणि छात्रालये आहेत. घराण्यात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचलेल्या असंख्य मुलांच्या मागे या चार भिंती उभ्या होत्या. मात्र या भाऊपणाचा परीघ बहुधा जन्माने ठरत असे. सोबती निवडायचा नसे, तो जातीच्या दाखल्याबरोबरच मिळत असे.

हा परीघ मोडण्याचे काम सरकारी व्यावसायिक महाविद्यालयांच्या वसतिगृहांनी केले. याचे नागपुरातील ठळक उदाहरण म्हणजे १९६० मध्ये स्थापन झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजेच जुन्या पिढीच्या तोंडी आजही असलेले 'व्हीआरसीई'. देशातील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांची योजना केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीची होती. निम्म्या जागा त्या राज्यासाठी आणि निम्म्या अन्य राज्यांसाठी, असे तिचे सूत्र होते. दोनशेहून अधिक एकरांच्या या परिसरात आंध्रचा, बिहारचा आणि वाशीमचा विद्यार्थी एकाच मेसमध्ये जेवू लागला. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला हिंदी सफाईने बोलता येऊ लागली आणि दक्षिणेकडच्या मुलाला झुणका-भाकरीची चव कळली. घरापासून सर्वच दूर असल्याने मेसचा हिशेब, आजारपणातली शुश्रूषा, परीक्षेपूर्वीच्या रात्रीची शिकवणी, सुट्टीत घरी न जाऊ शकणाऱ्याची दिवाळी हे सारे एकमेकांच्याच आधाराने पार पडे. अमेरिकेत शपथ देऊन जे नाते बांधावे लागते, ते येथे अडचणीतून आपोआप बांधले गेले.

डॉ. विजय भटकर हे याच महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावातून आलेले भटकर १९६५ मध्ये येथून अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे 'सी-डॅक'चे नेतृत्व करताना त्यांच्या चमूने १९९१ मध्ये 'परम' महासंगणक सिद्ध केला. २००० मध्ये पद्मश्री आणि २०१५ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांचे नाव निघाले नाही असे सहसा होत नाही. महाविद्यालयाला २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळून ते 'व्हीएनआयटी' झाले. 'अ‍ॅक्सिस' हा तंत्रमहोत्सव आणि 'आरोही' हा सांस्कृतिक महोत्सव विद्यार्थीच उभे करतात. प्रायोजक शोधताना त्यांचे पहिले दूरध्वनी जुन्या विद्यार्थ्यांकडेच जातात.

नात्याची काळी बाजू

ज्या वसतिगृहात ही माया जन्माला येते, तेथेच रॅगिंगही जन्माला येते. दोन्हींचे समर्थन एकाच वाक्याने केले जाते: 'त्याशिवाय ओळख होत नाही.' अनेक संमेलनांत पन्नाशीतले गृहस्थ आपल्या काळातील रॅगिंगचे किस्से हसत हसत सांगतात. ऐकणारेही हसतात. मात्र त्या काळी ज्यांनी पहिल्याच महिन्यात सामान बांधून गावचा रस्ता धरला, ते संमेलनाला येत नाहीत, आणि त्यांची आठवण सांगणारेही कोणी नसते. हिंदी-इंग्रजी न येणारा, गावातून पहिल्यांदाच बाहेर पडलेला, शुल्कासाठी बापाने शेत गहाण टाकलेला मुलगा या प्रकाराला सर्वाधिक बळी पडतो. ज्याला या नात्याची सर्वाधिक गरज, तोच त्यातून आधी बाहेर फेकला जातो.

महाराष्ट्राने यावर १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियमानुसार या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही हा कायदा जबाबदार धरतो. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि पुढे आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला, तेव्हा देश हादरला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व संस्थांना बंधनकारक असे विनियम काढले. विद्यार्थी आणि पालक या दोघांनीही प्रतिज्ञापत्र देणे, प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती व पथक असणे, नवागतांची राहण्याची सोय शक्यतो वेगळी करणे हे नियम त्यातलेच. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि तेथे नाव न सांगताही तक्रार करता येते.

अमेरिकेचा अनुभव याहून निराळा नाही. तेथील दीक्षाविधीत अतिमद्यपान करायला लावल्याने विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले आहेत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथे याविषयी केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार महाविद्यालयांना अशा घटनांची आकडेवारी आणि दोषी मंडळांची नावे जाहीर करावी लागतात. दोषी मंडळाचे नाव जाहीर करण्याची तरतूद आपल्याकडेही विचारात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे विद्यार्थी दोषी ठरतो. त्याला तसे शिकवणारी वसतिगृहाची परंपरा मात्र निर्दोष राहते.

'मेडिकल'चे सोबती

नागपूरकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नुसते 'मेडिकल' म्हणतात आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला 'मेयो'. 'मेडिकल' १९४७ चे. त्याच्या अमृतमहोत्सवी सोहळ्यास १ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. जगभरातून जुने विद्यार्थी आले होते. त्यांतील बहुतेकांचे यश नागपुरातील नर्सिंग होमच्या किंवा परदेशी रुग्णालयांच्या पाटीवर वाचता येते. त्यात गैर काहीच नाही. पण याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची आणखी एक यादी आहे आणि ती गडचिरोली-मेळघाटच्या जंगलात सापडते.

डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 'मेडिकल'चे. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी भामरागड परिसरातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि या दांपत्याने तेथे आपले आयुष्य घातले. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही 'मेडिकल'चेच. १९८६ पासून ते गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था चालवीत आहेत. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, या त्यांच्या पद्धतीने नवजात बालकांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. आज देशभरातील 'आशा' कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची तपासणी करतात, त्यामागे हेच काम आहे. मेळघाटातील बैरागड येथे राहून रुग्णसेवा करणारे आणि २०१९ मध्ये पत्नी डॉ. स्मिता यांच्यासह पद्मश्री मिळालेले डॉ. रवींद्र कोल्हे हेही याच महाविद्यालयातून बाहेर पडले.

ही माणसे माजी विद्यार्थी संघटनेने घडवलेली नाहीत, हे स्पष्टच आहे. त्यामागे घरचे संस्कार होते, सेवाग्राम आणि आनंदवन होते, सत्तरच्या दशकातील तरुणांचे अस्वस्थपण होते. पण जंगलातल्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला शहरातल्या सोबत्यांची गरज पावलोपावली लागते. ज्या शस्त्रक्रिया तेथे होऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी रुग्णाला नागपूरला धाडावे लागते, आणि 'मेडिकल'च्या गर्दीत त्या आदिवासी रुग्णाला कोणी ओळखीचे नसते. अशा वेळी सोबत दिलेली जुन्या सहाध्यायाच्या नावाची चिठ्ठी, आणि हल्ली दूरध्वनी, हेच त्याचे ओळखपत्र. सत्काराच्या कार्यक्रमांत ही मदत मोजली जात नाही. ग्रामीण विदर्भातील कोणत्याही डॉक्टरला विचारले तर मात्र तिचे मोल तो सांगेल.

संघटना म्हणजे काय?

वसतिगृहातले नाते अनौपचारिक असते. पैसा हाताळायचा झाला की मात्र त्याला कायद्याचे रूप द्यावे लागते. माजी विद्यार्थी संघटना साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदली जाते. त्यासाठी किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही धर्मादाय आयुक्तांच्या नियंत्रणाखाली येते. दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत 'चेंज रिपोर्ट', म्हणजे फेरफार अहवाल, दाखल करावा लागतो. भाऊबंदकीचा मराठी अर्थ खरा ठरतो तो याच कार्यालयात. निवडणुकीनंतर दोन गट आपणच खरी कार्यकारिणी असल्याचे सांगतात, फेरफार अहवालावर हरकती येतात, आणि निकाल लागेपर्यंत बँकेतले पैसे तसेच पडून राहतात. अनेक सार्वजनिक संस्थांचे हे दुखणे आहे आणि माजी विद्यार्थी त्याला अपवाद नाहीत.

परदेशातील सभासदांची देणगी हा दुसरा नाजूक विषय. परदेशात नोकरी करणारा, पण भारतीय पारपत्र बाळगणारा माजी विद्यार्थी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी समजली जात नाही. त्याच्याच खोलीत राहिलेल्या मित्राने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र तो कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत ठरतो. 'ओसीआय' कार्ड असले तरी यात फरक पडत नाही. अशी देणगी घेण्यासाठी संस्थेकडे विदेशी अंशदान विनियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या काळात तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते आणि एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. संमेलनाच्या व्यासपीठावर उत्साहाने जाहीर झालेल्या देणग्या पुढे का येत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा देणाऱ्याच्या वृत्तीत नसून या नियमांत असते. देशातील देणगीदाराला ८०-जी कलमाखाली करसवलत मिळू शकते, पण नव्या करप्रणालीची निवड केलेल्यांना ती मिळत नाही.

महाविद्यालयांनाही अलीकडे माजी विद्यार्थ्यांची आठवण अधिक येऊ लागली आहे. त्याचे एक कारण 'नॅक'चे मूल्यांकन. त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र गुण आहेत, आणि संघटना नोंदणीकृत आहे का, तिने काय योगदान दिले, हे विचारले जाते. परिणामी काही ठिकाणी समिती येण्यापूर्वी घाईघाईने संघटना स्थापन होतात आणि समिती गेल्यावर निद्रिस्त होतात. पदवीधर म्हणून असलेले राजकीय वजन आणखी निराळे. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. विधान परिषदेचा नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ तर राज्यभर गाजलेला. नितीन गडकरी यांनी १९८९ पासून २०१४ पर्यंत त्याचे प्रतिनिधित्व केले, आणि २०२० मध्ये काँग्रेसचे अभिजित वंजारी तेथून विजयी झाले. या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने होते. त्या महिन्यांत जुने वर्गमित्र अचानक फार प्रेमाने फोन करू लागतात, असा नागपूरकर पदवीधरांचा अनुभव आहे.

या साऱ्यात स्त्रिया कमी दिसतात. शहरात स्त्रियांसाठी १९३२ पासून स्वतंत्र महाविद्यालय आहे, ते आजचे एल.ए.डी. महाविद्यालय. पण लग्नानंतर आडनाव आणि गाव बदलले की संघटनेच्या यादीतून नाव गळते, आणि पुन्हा शोधायला कोणी जात नाही. अभियांत्रिकीच्या जुन्या तुकड्यांत तर मुली मोजक्याच होत्या. सुवर्णमहोत्सवी संमेलनांत स्त्रिया येतात त्या बहुतांशी 'सौभाग्यवती' म्हणून. नव्या तुकड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमुळे निदान पत्ते हरवणे थांबले आहे.

एका मृत्युपत्राची राखण

माजी विद्यार्थ्यांनी काय करावे याचे नागपुरातील सर्वांत बोलके उदाहरण अमरावती मार्गावर आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या मृत्युपत्राद्वारे आपली सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. त्या काळातील ३५ लाख ही प्रचंड रक्कम होती. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'एलआयटी', उभी राहिली. मृत्युपत्र आणि संस्था यांत बारा वर्षांचे अंतर आहे.

रासायनिक अभियांत्रिकीबरोबरच तेल, रंग, अन्नप्रक्रिया, कागद, पेट्रोरसायने अशा विषयांचे तंत्रज्ञान येथे शिकवले जाऊ लागले. विद्यार्थिसंख्या मर्यादित असल्याने सारे एकमेकांना ओळखत. देशातील तेलगिरण्यांत, रंगांच्या कारखान्यांत, शुद्धीकरण प्रकल्पांत एलआयटीचा माणूस भेटतोच, असे या क्षेत्रात म्हटले जाते. मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडेही बहुधा एलआयटीचाच कोणी बसलेला असे.

संस्था मात्र विद्यापीठाचा एक विभाग म्हणूनच चालत राहिली. पदे भरायची, यंत्रसामग्री घ्यायची, अभ्यासक्रम बदलायचा, प्रत्येक गोष्ट विद्यापीठाच्या मोठ्या गाड्याला बांधलेली. रिक्त पदांच्या बातम्या नागपूरच्या वृत्तपत्रांना नव्या नव्हत्या. याच काळात तिच्या बरोबरीच्या संस्था पुढे निघून गेल्या. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली 'यूडीसीटी' २००८ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी' या नावाने अभिमत विद्यापीठ झाली. १९२१ चे कानपूरचे हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थान २०१६ मध्ये विद्यापीठ झाले. नागपूरची संस्था तेथेच राहिली. हे शल्य सर्वाधिक बोचले ते तिच्या माजी विद्यार्थ्यांना. एलआयटीच्या माजी विद्यार्थी संघटनेने मग स्वतंत्र दर्जाची मागणी लावून धरली. कुलगुरू बदलले, सरकारे बदलली, निवेदने जातच राहिली. या पाठपुराव्यात संघटनेचा आधार भावनेपेक्षा त्या मृत्युपत्राचा होता. पैसा ज्या हेतूने दिला गेला तो हेतू पूर्ण होतो का, असा हा रोखठोक प्रश्न होता. देणगीदाराला विचारता येत नव्हते, तेव्हा त्याच्या वतीने त्याच्या संस्थेत शिकलेली मुले विचारत होती.

२०२३ मध्ये राज्य शासनाने या संस्थेचे रूपांतर 'लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी' या स्वतंत्र विद्यापीठात केले. 'नीरी'चे माजी संचालक डॉ. अतुल वैद्य हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. पदवी देण्याचा अधिकार आता संस्थेकडेच आला आहे. त्याबरोबर पैसा उभा करण्याची जबाबदारीही आली आहे, आणि नव्या विद्यापीठाची नजर साहजिकच जुन्या विद्यार्थ्यांकडे वळली आहे. आठ दशके येथून बाहेर पडलेल्यांच्या भिंतीवर नागपूर विद्यापीठाची पदवी लटकते आहे. यापुढच्यांच्या भिंतीवर लक्ष्मीनारायण यांचे नाव येईल. संघटनेच्या यादीत मात्र दोन्हींची नावे एकाखाली एक लिहिली जातील. वर्गणीची पावतीही तीच राहील.